मागची खुर्ची आणि पुढची खुर्ची

दिल्लीच्या पश्चिमेस, हरियाणातील चरखी दादरी या गावाच्या आभाळात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कोणीही वाचले नाही. हवेतल्या हवेत विमानांची टक्कर होऊन इतकी माणसे त्यापूर्वी कधी दगावली नव्हती आणि त्यानंतरही दगावलेली नाहीत. लढाया आणि तह यांना जसा इतिहास असतो, तसा तो माणसांच्या एकत्र काम करण्याच्या रीतींनाही असतो. या घटनेकडे आम्ही त्या दृष्टीने पाहणार आहोत.

सौदी अरेबियाचे जंबो विमान सायंकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी दिल्लीहून धहरानकडे निघाले. त्यात आखाती देशांत पोटापाण्यासाठी चाललेले आपले कितीतरी कामकरी बांधव होते. त्याच वेळी कझाकस्तानातील चिमकेंतहून एक इल्युशिन-७६ विमान दिल्लीला उतरण्यासाठी येत होते. त्या काळी दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे राखलेला असल्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच वाटेने ये-जा करीत. फरक असे तो केवळ उंचीचा. कझाक विमानाने १५,००० फुटांपर्यंत खाली यावे व तेथेच राहावे, सौदी विमानाने १४,००० पर्यंत चढावे व तेथेच राहावे, असा हुकूम होता. मधले अंतर हजार फूट, म्हणजे कुतुबमिनार एकावर एक चार वेळा ठेवला तर होईल तेवढे. ते पाळले गेले असते तर दोन्ही विमाने एकमेकांच्या वरून-खालून बिनघोर निघून गेली असती.

आता दिल्लीच्या नियंत्रकाची स्थिती पाहा. त्याच्या रडारवर विमान कोठे आहे एवढे दिसे. ते किती उंचीवर आहे हे दिसत नसे. उंची कळायची ती विमानातून बोललेल्या शब्दावरून. कझाक विमानाने कळविले की आम्ही १५,००० वर आलो. नियंत्रकाने बजावले की समोरून सौदी जंबो येत आहे, दिसले की सांगा. विमानाने अंतर पुन्हा विचारले, त्याने ते सांगितले, पोच मिळाली. रेडिओवरचे संभाषण अगदी रीतसर झाले. फक्त, ‘१५,००० वर आलो’ हे शब्द उच्चारले गेले तेव्हा विमान सुमारे १४,५०० वर होते आणि अजून उतरतच होते.

असे कसे झाले? याचे उत्तर कॉकपिटच्या रचनेत सापडते. पाश्चात्त्य विमानांतून वेगळा रेडिओ ऑपरेटर फार पूर्वीच नाहीसा झाला. वैमानिक स्वतःच बोलू लागले. सोव्हिएत घडणीच्या विमानांत मात्र तो टिकून राहिला. या इल्युशिनमध्ये चालक पाच: मुख्य वैमानिक, सहवैमानिक, इंजिनियर, नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑपरेटर. दिल्लीशी बोलणे या पाचव्याचे काम. पण त्याच्या पुढ्यात उंचीमापक नव्हता! उंची पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. त्यात आणखी एक भानगड: त्यांच्या देशातील सवय मीटरची आणि दिल्लीचे हुकूम फुटांत.

शेवटच्या काही सेकंदांत रेडिओ ऑपरेटरच्या ध्यानात आले की आपण १५,००० वर नाही. त्याने वर चला म्हणून सांगितले. वैमानिकाने इंजिनांचा जोर पुरा वाढविला, विमान थोडे चढले आणि ढगातून येणाऱ्या सौदी विमानाला भिडले. चढले नसते तर कदाचित त्याच्या पोटाखालून निघूनही गेले असते. जवळून जाणाऱ्या एका अमेरिकी लष्करी विमानातील वैमानिकाला ढग नारिंगी प्रकाशाने उजळलेला दिसला.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने कझाक विमानाने नेमून दिलेली उंची सोडली हेच मूळ कारण ठरविले. हवेच्या धक्क्यांनी विमान खाली ढकलले गेले, हे कझाक बाजूचे म्हणणे आयोगाने मानले नाही. चालकांचे इंग्रजी अपुरे होते, असेही आयोग म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण सगळे खापर इंग्रजीच्या माथी फोडणे आम्हांस पटत नाही. १५,००० हा आकडा दिल्लीहून विमानापर्यंत नीट पोचला होता. तो उलट बोलूनही दाखविला गेला. तो अडला मागच्या खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतच्या चार हातांच्या अंतरात. ठरावीक उंची जवळ येताच ‘हजार फूट उरले’ असे एकाने मोठ्याने म्हणायचे, ही साधी रीतही तेथे पाळली गेली नाही. आयोगाने तेही नमूद केले आहे.

आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचे तरी काय? २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे उतरू पाहणारे एक डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडाची चिंता करीत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांनी सुचविले, पण साहेबांपुढे बोलावे तसे, दबकत दबकत. इंधन संपले, विमान कोसळले, दहा माणसे गेली. यानंतर त्या कंपनीने १९८१ मध्ये कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे याचे शिक्षण चालू केले. ते पुढे जगभर गेले.

चरखी दादरीनंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखविणारे रडार आले, आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचे झाले. २००८ पासून वैमानिकांच्या इंग्रजीची आंतरराष्ट्रीय कसोटीही लागू झाली.

यंत्राने तरी प्रश्न मिटला काय? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण सीमेवर एका रशियन प्रवासी विमानातील यंत्र ‘वर चला’ म्हणत होते, तर जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता. सहवैमानिकाने यंत्राचे म्हणणे बोलूनही दाखविले. पण विमान खालीच नेण्यात आले आणि मालवाहू विमानावर आदळले. ७१ जण गेले, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. त्यानंतर असे दोन हुकूम आल्यास यंत्राचा मानावा, असा निःसंदिग्ध नियम झाला.