मसीसची वाट

ज्या पर्वताकडे तोंड करून पूर्वजांनी शतकानुशतके प्रार्थना केली, त्याच्यावर पाऊल ठेवण्यासाठी परक्या सरकारचा परवाना मागावा लागणे, हे प्राक्तन आर्मेनियन लोकांच्या वाट्याला आले आहे. ५,१३७ मीटर उंचीचा अरारात, ज्याला ते मसीस म्हणतात, येरेवान शहरातून निरभ्र दिवशी पायथ्यापासून हिमशिखरापर्यंत दिसतो. परंतु तो तुर्कस्तानच्या हद्दीत असल्यावर १९२१ च्या मॉस्को व कार्स येथील तहनाम्यांनी शिक्कामोर्तब केले, आणि १९९३ पासून सरहद्द बंद असल्यामुळे समोरच्या पर्वताकडे निघालेल्या यात्रेकरूंना जॉर्जियातून दूरचा वळसा घ्यावा लागतो.

त्यापूर्वीचे अंतर श्रद्धेने राखलेले होते. प्रलयानंतर याच पर्वतावर विसावल्याची श्रद्धा असलेली नोहाची नौका शोधण्यासाठी संत याकोब चढू लागला, परंतु झोप लागून जागा होताच तो प्रत्येक वेळी खालीच असे. अखेर देवदूताने नौकेच्या लाकडाचा एक तुकडा देऊन त्याची समजूत घातली, ही कथा घराघरांत सांगितली जाई, आणि तो तुकडा म्हणून पूजिले जाणारे काष्ठ एच्मियाद्झिनच्या धर्मपीठात आजही जतन केलेले आहे. शिखर मानवाला वर्ज्य आहे, हा त्या कथेचा सर्वमान्य अर्थ होता.

१८२८ च्या तुर्कमानचाय तहाने इराणी सरदाराचा येरेवान सुभा रशियाच्या अमलाखाली आला, आणि पुढच्याच वर्षी दोर्पात विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रीडरिख पारोट तेथे दाखल झाले. दुभाष्या म्हणून त्यांच्यासोबत निघालेला खाचातूर अबोव्यान हा एच्मियाद्झिनचा विशीतला धर्मसेवक होता. डोंगराच्या कुशीतील अखुरी गावाजवळच्या संत याकोबाच्या मठात मुक्काम ठेवून, दोन प्रयत्न निष्फळ झाल्यावर, ९ ऑक्टोबर १८२९ रोजी हे दोघे, अखुरीचे दोन शेतकरी आणि दोन रशियन सैनिक शिखरावर पोहोचले. तेथे अबोव्यानने बर्फ खोदून लाकडी क्रूस रोवला, आणि शिखरावरचे बर्फ बाटलीत भरून तीर्थ म्हणून खाली आणले. अनेक धर्मगुरूंना हे आरोहण मान्य झाले नाही. परंतु ज्याने निषेध ओलांडला त्याची भक्ती तिळमात्र उणावली नव्हती, हे त्या तीर्थानेच सिद्ध केले. पुढे हाच तरुण दोर्पातला शिकून आधुनिक आर्मेनियन साहित्याचा प्रवर्तक झाला. १८४० च्या भूकंपात अखुरी आणि मठ दोन्ही दरडीखाली गडप झाले. १८४५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ हेर्मान आबिख यांच्याबरोबर अबोव्यान पुन्हा त्याच पर्वतावर गेला.

ज्या समाजाने १७९४ साली आपले पहिले नियतकालिक मद्रासेत काढले, त्याला दूर राहून स्मृती जतन करण्याची सवय जुनीच होती. ऑटोमन राजवटीतील आर्मेनियनांच्या १९१५ च्या संहाराने मात्र ती सवय निर्वासितांची अपरिहार्यता झाली. त्यातून वाचलेल्यांचे वंशज आज देशोदेशींहून जथ्याजथ्याने येतात. कोणी सरहद्दीवरच्या अरास नदीच्या अलीकडे, खोर विरापच्या मठातून पर्वताला वंदन करतात, तर कोणी परवाना काढून पलीकडून चढतात. पर्वत कोणाच्या दफ्तरी नोंदला जावा, हे तहनामे ठरवू शकतात. परंतु जो समाज पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट चालत राहतो, त्याचा वारसाहक्क रद्द करण्याचे सामर्थ्य कोणत्याही तहनाम्यात नाही, असे मी निःशंकपणे मानतो.