सुटीच्या दिवसाची विद्या

विलायतेहून शिकून आलेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो : पदवी कोणती घेतली आणि खर्च किती आला? सुटीच्या दिवशी तो कोठे जात असे, हे कोणी विचारीत नाही. आज मला तेवढेच विचारावयाचे आहे. आणि ज्यांच्याविषयी विचारावयाचे, ते विद्यार्थी आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत.

१८८८ च्या सप्टेंबरअखेरीस मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडच्या किनाऱ्याला उतरले, तेव्हा त्यांना १९ वर्षे पुरी होत आली होती. दिवस शनिवारचा होता. अंगात पांढरे फ्लॅनेलचे कपडे; तसा वेष केलेला दुसरा कोणी तेथे दिसेना. बाकीचे कपडे पेट्यांत, पेट्या एजंटाकडे, आणि दुसऱ्या दिवशी रविवार ! सोमवारपर्यंत त्याच वेषात लाजत दिवस काढणे आले. इंग्रजांच्या सुटीची त्यांना पहिली ओळख झाली ती अशी, अडचण म्हणून.

परंतु ही सुटी काही अनादि नव्हती. रविवार देवाचा म्हणून पूर्वीपासून मोकळा असे. शनिवारचा तिसरा प्रहर मात्र मजुरांनी झगडून मिळविला. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले. १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्या ठरल्या आणि त्या पुढे साऱ्या देशाच्या झाल्या. मोकळा वेळ मिळाला, त्याला आगगाडीने वाट करून दिली. १८४१ च्या जुलैमध्ये टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसे एका शिलिंगात नेऊन आणली. त्याच वर्षी लंडन ते ब्रायटन हा ५० मैलांचा लोहमार्ग पुरा झाला. राजेरजवाड्यांचे समुद्रस्नान कारकुनाच्या आवाक्यात आले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० च्या जूनमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. म्हणजे गांधीजी विलायतेत सुट्या उपभोगीत होते, तेव्हा येथे सुटीचा हक्क नुकता पदरी पडत होता.

विलायतेतील पहिल्याच वर्षी गांधीजी ब्रायटनला गेले. तेथील हॉटेलातील पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत ! त्यांत मांसावाचून काय आहे हे कळेना. त्याच मेजाशी बसलेल्या एका वृद्ध विधवा बाईंनी त्यांची अडचण ओळखली आणि यादी समजावून दिली. ओळख वाढली. बाईंनी लंडनचा पत्ता दिला आणि दर रविवारी जेवायला येण्याचे निमंत्रण केले.

येथून खरी परीक्षा सुरू झाली. बाईंच्या घरी एक तरुण मुलगी राहत असे. दोघांनी बोलत बसावे म्हणून बाई त्यांना एकटे सोडीत. त्या काळचे कित्येक हिंदी विद्यार्थी बालविवाहाच्या लाजेने आपले लग्न लपवीत. गांधीजींनीही तेच केले होते. घरी पत्नी होती आणि एक मुलगाही झाला होता. वेण्टनर या दुसऱ्या समुद्रकाठच्या गावी घरमालकिणीच्या मुलीबरोबर टेकडी चढून गेल्यावर, ती उंच टाचांच्या बुटांनी बाणासारखी खाली गेली आणि हे रांगत-धडपडत उतरले, असे त्यांनीच लिहिले आहे. ती फजिती पायांची होती; हसण्यावारी गेली. ब्रायटनच्या बाईंपुढे उभी राहिलेली फजिती मनाची होती.

अखेर त्यांनी पत्र लिहावयास घेतले. पुन:पुन्हा खोडले, पुन्हा लिहिले. आपण लहानपणीच विवाहित आहो, एका मुलाचे बाप आहो, हे आधी सांगितले नाही याची क्षमा असावी. आणि हे कळल्यावरही घरी येऊ द्याल तर आनंद वाटेल, असा त्याचा आशय होता. उत्तर लगेच आले. आम्ही पोट धरून हसलो, निमंत्रण कायम आहे, पुढच्या रविवारी तुमच्या बालविवाहाची हकिगत ऐकावयाची आहे ! असत्याचा काटा निघाला. पुढे लग्नाची गोष्ट बोलताना त्यांना संकोच वाटला नाही.

पॅरिसचे प्रदर्शन पाहण्यासही ते गेले, नकाशा घेऊन बहुतेक पायीच हिंडले. प्रदर्शनाचे साल मात्र त्यांनी १८९० दिले आहे. ते वस्तुत: १८८९ चे. आत्मकथा लिहिली ती पस्तीस-एक वर्षांनंतर. साल निसटले, पण त्या पत्राची खाडाखोड स्मरणात राहिली. मनुष्य काय विसरतो आणि काय विसरू शकत नाही, हेही इतिहासाला पाहावे लागते.

१८९१ च्या जूनमध्ये गांधीजी बॅरिस्टर झाले. कायदा त्यांना लंडनमध्ये बसून शिकता आला. परक्या घरी, परक्या माणसापुढे खरे बोलण्याचा प्रसंग मात्र पुस्तकाबाहेर पडल्यामुळे आला. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी परदेशी निघाली, तर फी, खोली आणि जेवण यांच्या हिशेबाखाली सुटीच्या गाडीभाड्याची एक ओळ जरूर लिहावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.