जीपला ‘फुल हायड्रॉलिक’ स्टीअरिंग : चिखलात ठीक, रस्त्यावर धोका

डोंबिवली : पावसाळा आला की जुनी जीप किंवा थार घेऊन मुरबाड-माळशेजच्या बाजूला चिखलात उतरायची हौस तरुण मुलांमध्ये वाढते. मोठे टायर बसवले की स्टीअरिंग जड होतं. मग कुणीतरी सांगतं, ‘फुल हायड्रॉलिक करून टाक, एका बोटाने वळेल.’ पण तीच गाडी सोमवारी कल्याण-शीळ रस्त्यावर धावणार असेल, ईदला घरच्यांना घेऊन कोकणात जाणार असेल, तर आधी पुढची माहिती वाचा.

फरक काय?
साध्या गाडीत स्टीअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत दांडा, गिअरबॉक्स आणि रॉड अशी लोखंडी जोडणी असते. पॉवर स्टीअरिंग फक्त जोर कमी करतं. इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं, पण गाडी वळते.

फुल हायड्रॉलिकमध्ये ही जोडणीच काढून टाकतात. स्टीअरिंगखालचा ऑर्बिटल व्हॉल्व्ह पंपाचं तेल नळ्यांतून अ‍ॅक्सलवरच्या सिलेंडरकडे पाठवतो आणि सिलेंडर चाकं वळवतो. मध्ये फक्त तेल असतं.

मग जेसीबीला कसं चालतं?
जेसीबी आणि अनेक ट्रॅक्टरमध्ये याच तत्त्वाचं स्टीअरिंग असतं. पण ती कंपनीनेच त्या यंत्रासाठी बनवलेली असते आणि वेग कमी असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बांधकाम यंत्रांसाठी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा धरलेली आहे.

रस्त्यावर धोका कुठे?
- नळी फुटली किंवा जोड निसटला तर स्टीअरिंग फिरतं, चाकं वळत नाहीत.
- पंप बंद पडला तर काही व्हॉल्व्ह हाताच्या जोरावर तेल ढकलतात, पण गाडी फार जड आणि सावकाश वळते.
- वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही.
- व्हॉल्व्हमधून थोडं तेल आतल्या आत झिरपतं, त्यामुळे स्टीअरिंगचा ‘मध्य’ सरकत राहतो. रस्त्याची जाणही हाताला येत नाही.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाल्यावर न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडकू शकतो.

काय करावं?
जुनी जीप घेताना गाडीखाली वाकून पाहा. गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड नसेल, नुसत्या नळ्याच असतील, तर ती फुल हायड्रॉलिक आहे. घरच्यांसाठी अशी गाडी घेऊ नका. स्टीअरिंग जड वाटत असेल तर टायर मूळ मापाचे करा, बॉल जॉइंट आणि तेल तपासा. नियमानुसार स्टीअरिंगचा ‘प्ले’ 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. ‘हायड्रॉलिक असिस्ट’मध्ये लोखंडी जोडणी कायम राहते, त्यामुळे धोका कमी होतो, पण तोही बदलच आहे, म्हणून कल्याण आरटीओत विचारल्याशिवाय हात घालू नका. शर्यतीची गाडी वेगळी ठेवा आणि ती मैदानापर्यंत टेम्पोवर चढवूनच न्या.