वीज पारेषण : उच्च दाबाचे विज्ञान आणि राष्ट्रीय ग्रीड

देशातील अनेक औष्णिक वीजकेंद्रे कोळशाच्या खाणींजवळ, तर बहुतांश मोठे जलविद्युत प्रकल्प डोंगराळ भागात आहेत. विजेची मोठी मागणी मात्र तेथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरांत आणि औद्योगिक वसाहतींत असते. हे अंतर कमीत कमी हानीसह पार करणाऱ्या व्यवस्थेला वीज पारेषण म्हणतात.

तारेतून विद्युतधारा वाहताना तारेच्या रोधामुळे काही ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. विद्युतशक्ती हा विद्युतदाब आणि धारा यांचा गुणाकार असतो. त्यामुळे दाब चौपट केल्यास तेवढीच शक्ती वाहून नेण्यासाठी एक चतुर्थांश धारा पुरते आणि हानी सोळाव्या हिश्शावर येते. उदाहरणार्थ, १० ओहम रोधाच्या वाहिनीतून १०० मेगावॅट वीज १०० किलोव्होल्ट दाबाने पाठवल्यास, साध्या गणिताप्रमाणे १० मेगावॅट वीज वाया जाते. दाब ४०० किलोव्होल्ट असल्यास ही हानी ६२५ किलोवॅट एवढीच राहते.

याच कारणासाठी वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या विजेचा दाब रोहित्रांच्या साहाय्याने २२०, ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टपर्यंत वाढवला जातो. पुढे उपकेंद्रांमध्ये तो टप्प्याटप्प्याने कमी करून घरगुती ग्राहकाला २३० व्होल्ट दाबाने वीज दिली जाते. रोहित्र केवळ प्रत्यावर्ती धारेवर चालते. अतिदीर्घ अंतरासाठी मात्र दिष्ट धारा अधिक किफायतशीर ठरते. महाराष्ट्रात चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची आणि १,५०० मेगावॅट क्षमतेची दिष्ट धारा वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. छत्तीसगडमधील रायगढ ते तामिळनाडूतील पुगलूर या वाहिनीचा दाब ८०० किलोव्होल्ट, तर क्षमता ६,००० मेगावॅट आहे.

परस्परांशी जोडलेल्या अशा वाहिन्यांच्या जाळ्याला ग्रीड म्हणतात. ग्रीडमधील वीजनिर्मिती आणि वापर यांचा प्रत्येक क्षणी मेळ बसावा लागतो. मागणी निर्मितीपेक्षा वाढल्यास जनित्रांची गती मंदावते आणि ५० हर्ट्‌झ ही निर्धारित वारंवारिता घसरू लागते. एखादी वाहिनी बंद पडली, तर तिच्यावरील भार तत्क्षणी शेजारच्या वाहिन्यांवर जातो. तो असह्य झाल्यास संरक्षक यंत्रणा त्या वाहिन्याही बंद करतात आणि बिघाडाची साखळी सुरू होते.

३० जुलै २०१२ रोजी उत्तर ग्रीड कोसळले, त्यामागे हेच कारण होते. अतिरिक्त भारामुळे बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडताच उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रीड कोसळली. ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. रेल्वेगाड्या आणि दिल्ली मेट्रोची सेवा खंडित झाली.

त्यानंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीद्वारे दक्षिण ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि पाचही प्रादेशिक ग्रीड एकाच वारंवारितेवर चालू लागली. यामुळे एका प्रदेशातील तूट दुसऱ्या प्रदेशातील विजेने भरून काढणे सुलभ झाले. त्याचबरोबर, एका टोकाचा बिघाड वेळीच रोखण्याची जबाबदारीही आता संपूर्ण देशाच्या वीजव्यवस्थेवर आली आहे.