सापाची अडकलेली कात

सापाची अडकलेली कात म्हणजे साप कात टाकत असताना जुन्या त्वचेचा काही भाग अंगावर चिकटून राहण्याची अवस्था होय. पशुवैद्यकशास्त्रात तिला 'डिसेक्डायसिस' असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून हवेतील आर्द्रता, पिण्याचे पाणी, निवाऱ्याची रचना किंवा सापाचे आरोग्य यांपैकी कशात तरी उणीव असल्याचे ते लक्षण होय. ही अवस्था प्रामुख्याने पाळीव व बंदिस्त सापांमध्ये आढळते. अडकलेली कात ओढून काढल्यास खालची कोवळी त्वचा फाटू शकते; म्हणून ती ओलाव्याने सैल करणे व मूळ कारण दूर करणे ही उपचाराची दोन मुख्य सूत्रे मानली जातात.

नाव

सापाने टाकलेल्या त्वचेला मराठीत 'कात' किंवा 'कांचळी' आणि संस्कृतात 'निर्मोक' किंवा 'कंचुक' असे म्हणतात. विड्यात वापरला जाणारा, खैराच्या लाकडापासून मिळणारा कात हा पदार्थ वेगळा आहे. जुने सोडून नवे रूप धारण करणे या अर्थी 'कात टाकणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. बृहदारण्यकोपनिषदात मुक्त पुरुषाच्या देहाला वारुळावर पडलेल्या कातेची उपमा दिलेली आहे.

कात टाकण्याची प्रक्रिया

सापाच्या त्वचेचा बाह्य थर केराटिन या कठीण प्रथिनाचा असतो. शरीराच्या वाढीबरोबर तो पुरेसा वाढत नाही आणि झिजतही जातो. म्हणून त्याच्याखाली नवा थर तयार होतो व दोहोंच्या मध्ये द्रव साठून जुना थर सुटा होतो. या काळात सापाचा रंग मळकट दिसतो आणि डोळे दुधी-निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर त्याचाही बाह्य थर गळून पडतो.

डोळे दुधी झाल्यानंतर काही दिवसांनी ते पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप कात टाकतो. प्रथम तो ओठांची कड दगडावर किंवा लाकडावर घासून कात सोडवतो व नंतर पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडतो. त्यामुळे पायमोजा उलटा काढावा तशी कात उलटी व बहुधा अखंड निघते. खवल्यांमधील दुमडलेली त्वचा कातेत ताणली जात असल्याने कात प्रत्यक्ष सापापेक्षा लांब भरते. वाढत्या वयाची पिल्ले वारंवार, तर प्रौढ साप वर्षातून मोजक्याच वेळा कात टाकतात.

कारणे

* हवेतील अपुरी आर्द्रता, विशेषतः वातानुकूलित खोलीत किंवा कोरड्या ऋतूत
* शरीरातील पाण्याची कमतरता
* अंग घासण्यासाठी खडबडीत पृष्ठभागाचा अभाव
* अयोग्य तापमान आणि कुपोषण
* गोचीडवर्गीय परजीवी, त्वचेचा संसर्ग किंवा जुन्या जखमांचे व्रण
* डोळे दुधी असताना साप वारंवार हाताळणे

कोणत्या प्रदेशात साप ठेवला आहे यावरूनही कारण बदलते. पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते, पेण, नागोठणे यांसारख्या कोकणातील गावांत पावसाळ्यात हवा मुळातच दमट असते. तेथे अधिक पाणी शिंपडल्यास त्वचेचा संसर्ग बळावू शकतो. देशावरील उन्हाळ्यात याच्या उलट स्थिती असते. म्हणून केवळ अंदाजावर न विसंबता आर्द्रतामापक वापरणे योग्य ठरते. पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथन या आफ्रिकी अजगराला एरवी सुमारे ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. कात टाकण्याच्या काळात ती काहीशी वाढवतात.

लक्षणे व धोके

कात तुकड्यातुकड्यांनी निघणे आणि अंगावर कोरडे, सुरकुतलेले पापुद्रे दिसणे ही मुख्य लक्षणे होत. पडलेली कात पसरून पाहिल्यास दोन्ही डोळ्यांच्या जागी गोल पारदर्शक चकत्या व शेवटी शेपटीचे टोक आहे किंवा नाही हे समजते. अंगावरील लहान पापुद्रा सहसा घातक नसतो. परंतु शेपटीभोवती राहिलेले कातेचे कडे सुकून आवळते, रक्तपुरवठा थांबतो आणि शेपटीचे टोक मृत होऊन गळू शकते. डोळ्यावरचा थर साचत गेल्यास दृष्टी मंदावते व संसर्ग होऊ शकतो.

साहाय्य

पुढील उपाय केवळ बिनविषारी, माणसाळलेल्या व कायदेशीररीत्या पाळलेल्या सापासाठी आहेत. साप अजून कात टाकत असेल, तर प्रथम त्याला स्वतःहून ती पूर्ण करू द्यावी.

१. ओलसर निवारा : झाकण असलेल्या डब्याला साप सहज आत जाईल एवढे भोक पाडून त्यात ओलसर शेवाळ किंवा पिळलेले सुती कापड ठेवावे. बहुतेक वेळा एवढा उपाय पुरतो.

२. कोमट पाणी : त्यानेही कात सैल न झाल्यास सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या उथळ पाण्यात सापाला २० ते ३० मिनिटे ठेवावे. डोके सहज पाण्याबाहेर राहील इतकीच खोली असावी. सापाला पाण्यात एकटे सोडू नये.

३. ओले कापड : त्यानंतर मऊ, ओल्या टॉवेलच्या सैल घडीतून सापाला स्वतःच्या गतीने सरकू द्यावे. कापडाच्या घर्षणाने सैल झालेली कात सुटते. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे असावी.

४. शेपटीचे टोक : ते ओल्या कापसात काही वेळ गुंडाळून ठेवावे व कडे ओले झाल्यावर बोटांनी हलकेच टोकाकडे सरकवावे. ते न सरकल्यास थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा.

५. नंतरची काळजी : सापाचे अंग कोरडे होऊ द्यावे, निवारा स्वच्छ करावा आणि हवा खेळती ठेवावी. सतत ओल्या जागेत राहिल्यास सापाच्या पोटाकडील त्वचेवर फोड येतात.

डोळ्यावरचा थर चिमट्याने, नखाने किंवा चिकटपट्टीने काढू नये. त्याखालील जिवंत खवला निघाल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. आर्द्रता सुधारल्यास हा थर पुष्कळदा पुढच्या कातेबरोबर निघून जातो. तेल किंवा मलमही अंगावर चोळू नये. दोन काती होऊनही डोळ्यावरचा थर न निघाल्यास, शेपटी काळी पडल्यास, जखम किंवा सूज दिसल्यास अथवा दर वेळी कात अडकत असल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, दिवड, भारतीय अजगर इत्यादी स्थानिक साप पकडणे व पाळणे गुन्हा आहे. गारुड्यांकडील नागही याला अपवाद नाहीत. २०२२ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती होऊन साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचींतील परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद झाली आणि २०२४ मध्ये तिचे नियम जारी झाले. त्यानुसार बॉल पायथनसारख्या सूचीतील प्राण्याची नोंदणी केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

घरात किंवा शेतात दुधी डोळ्यांचा साप आढळल्यास तो आजारी समजून त्याला पाण्यात ठेवणे किंवा त्याची कात काढणे चुकीचे व धोकादायक आहे. या काळात सापाला अंधुक दिसते आणि तो सहज बिथरतो. शिवाय मळकट कातेमुळे साप ओळखणे कठीण होऊन विषारी साप बिनविषारी वाटू शकतो. अशा वेळी दूर राहून वनविभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवावे. मोकळ्या निसर्गात दगडांच्या सांदी, झाडांची मुळे व बांधावरचा ओलावा सापाला उपलब्ध असतो. तेथे त्याला बहुधा माणसाच्या साहाय्याची गरज भासत नाही.

हेही पाहा

* साप
* सर्पदंश
* सर्पमित्र
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२