पाणकाठच्या तुतवारी : सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांमधला फरक

दिवाळीनंतर बडोद्यातल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचा एखादा रविवार वढवाणा तलावावर जातो. डभोई तालुक्यातला हा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. २०२१ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथे गेलेले सभासद पट्टकदंब हंस, बदके, करकोचे यांची नावे घेऊन परततात. काठच्या चिखलात लगबगीने टिपत फिरणाऱ्या, साळुंकीएवढ्या मातकट पक्ष्यांची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. वहीत त्यांच्यापुढे एकच शब्द पडतो : ‘तुतवार’. वास्तविक त्या एका शब्दाखाली निदान तीन जाती असतात, आणि सरावाने त्या वेगळ्या काढता येतात. हे टिपण त्यासाठी आहे.

नावांबद्दल आधी थोडे. मराठीत कोणी तुतवार म्हणतात, कोणी तुतारी. आपल्या मुलांना शाळेतल्या गुजरातीमुळे ‘तुतवारी’ हा शब्द जवळचा वाटेल. पुस्तकागणिक मराठी नावे बदलतात, म्हणून इथे आम्ही जातींची रूढ इंग्रजी नावेच वापरली आहेत. ग्रीन सँडपायपरमध्ये हिरवे काही शोधत बसू नये. पायांवरची हिरवट छटा आणि पाठीवरची किंचित झाक सोडली तर तो पक्षी काळपट तपकिरीच दिसतो.

तीन तुतवारी

कॉमन सँडपायपर सर्वांत सोपी. ती उभी असली तरी तिचा मागचा भाग सतत वरखाली हलत असतो. दुर्बिणीतून पाहिले तर छातीच्या बाजूला, मिटलेल्या पंखाच्या पुढून, पोटाचा पांढरा रंग खांद्याकडे वर घुसलेला दिसतो. ही खूण पक्की आहे, बाकी दोघींत ती नसते. उडताना ती पाण्याला जवळजवळ चिकटून जाते. पंख ताठ आणि खाली वाकलेले, थोडे फडफडवून थोडे तरंगत, असे तिचे उडणे एकदा लक्षात आले की लांबूनही चुकत नाही. पंखांवर पांढरी रेघ दिसते, पण पाठीचा शेवटचा भाग तपकिरीच राहतो.

खरा घोळ ग्रीन आणि वुड सँडपायपर यांच्यात होतो. दोघी उडाल्या की शेपटीच्या मुळाशी पांढरा भाग चमकतो, आणि पंखांवर पांढरी रेघ दोघींनाही नसते. अशा वेळी पंखाखालचा रंग पाहावा. ग्रीनच्या पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी असते, वुडची फिकट राखी. ग्रीनचा पांढरा भाग इतका ठळक उठून दिसतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला एखादी मोठी पाकोळी उडाल्याचा भास होतो. वुडचा पांढरा भाग लहान असतो आणि तिचे पाय शेपटीच्या बरेच मागे जातात.

पक्षी बसलेला असेल तर भुवई पाहा. वुडची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते, ग्रीनची डोळ्यापाशीच संपते. वुडची पाठ फिकट ठिपक्यांनी भरलेली असते. ग्रीनच्या पाठीवरचे ठिपके बारीक, जवळ गेल्याशिवाय न दिसणारे. ग्रीनची गडद छाती पांढऱ्या पोटापाशी एकदम कापल्यासारखी थांबते. वुडची छाती पोटाकडे हळूहळू विरत जाते. वुडची अंगकाठी सडपातळ, पाय लांब आणि पिवळसर.

पायांच्या रंगावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही. ओल्या चिखलात फिरलेल्या पक्ष्याचे पिवळे पायही काळे दिसतात. रंगापेक्षा आवाज भरवशाचा. कॉमनचा आवाज बारीक, उतरत जाणारी ‘टी-वी-वी’ अशी शीळ. ग्रीनची हाक खणखणीत, ‘ट्लुईट-विट-विट’, आणि ती हाक देत पक्षी बहुधा सरळ उंच चढतो. वुडचे ‘चिफ्-इफ्-इफ्’ कोरडे आणि घाईचे असते.

जागा पाहून अर्धे उत्तर

कॉमनला कडक काठ चालतो : दगड, बांध, कालव्याची भिंत. वुडला उथळ, मोकळी दलदल किंवा पाणी साठलेले भातशेत लागते, आणि तिथे ती अनेकदा घोळक्याने असते. ग्रीन बहुतेक वेळा एकटी, आडोशाच्या डबक्यात, ओढ्यात, अगदी सांडपाण्याच्या नाल्यातही. विश्वामित्रीच्या पुलावरून ती शोधायला हरकत नाही, फक्त खाली उतरू नये. तिथल्या मगरी सर्वांना माहीत आहेतच.

ही जागांची निवड आहे म्हणूनच जाती वेगळ्या लिहिणे गरजेचे आहे. एखाद्या तळ्याचे सुशोभीकरण होते, उतरत्या चिखलाच्या काठाऐवजी दगडी भिंत आणि फिरण्याची वाट येते. कॉमन सँडपायपर त्या भिंतीवरही शेपूट हलवत बसेल. वुडला उभे राहायला मात्र उथळ पाणी उरत नाही. आधीच्या वर्षी वहीत ‘तुतवार’ आणि नंतरच्या वर्षीही ‘तुतवार’ असेल, तर कागदावर त्या तळ्याचे काहीच बिघडलेले नसते. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात आपल्यासारखे हौशी लोकच मोजणी करतात, आणि त्यांनी लिहिलेले आकडे पुढे वापरले जातात. ओळख पटली नाही तर ‘तुतवार, जात अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने घातलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी असते.

आणखी काही जोड्या

ग्रीनशँक आणि मार्श सँडपायपर दोघेही राखी-पांढरे, लांब हिरवट पायांचे, आणि दोघांच्या पाठीवर उडताना पांढरी पाचर दिसते. चोच पाहावी. ग्रीनशँकची चोच मुळाशी जाड आणि टोकाकडे किंचित वर वळलेली असते, मार्शची सुईसारखी सरळ आणि बारीक. शेजारी शेजारी असले तर आकारातच कळते, मार्श बराच लहान आणि नाजूक. ग्रीनशँक उडताना मोठ्याने ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ ओरडतो.

रेडशँक आणि स्पॉटेड रेडशँक या दोघांचे पाय लाल. रेडशँक उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसतो. स्पॉटेडला तो नसतो. स्पॉटेडची चोच अधिक लांब व बारीक, आणि तिच्या फक्त खालच्या भागाचे मूळ लाल असते.

चिखल्यांमध्ये लिटल रिंग्ड आणि केंटिश यांची गल्लत होते. लिटल रिंग्डच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते आणि छातीवरचा पट्टा अखंड. केंटिशचा पट्टा मध्येच तुटलेला, छातीच्या दोन्ही बाजूंना नुसते डाग. लहान वयाच्या लिटल रिंग्डचा पट्टाही कधी तुटका असतो, तेव्हा पक्षी उडेपर्यंत थांबावे : पंखावर पांढरी रेघ दिसली तर केंटिश.

पाहण्याचा काळ लांब आहे. ऑगस्टपासून पहिले पक्षी उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत थोडेफार असतात. हिवाळाभर सगळ्यांचे कपडे फिके, त्यामुळे वरच्या खुणा सांगितल्या आहेत त्या या फिक्या रूपाच्या. मार्चअखेर काहींवर विणीचे रंग चढू लागतात. एरवी राखाडी असणारा स्पॉटेड रेडशँक तर तेव्हा काळाकुट्ट होत जातो, आणि अर्धा राखाडी, अर्धा काळा असा ठिपकेदार पक्षी दिसला तर तो नवा समजू नये. सूर्य पाठीशी ठेवून, सकाळी लवकर गेल्यास पंखाखालचे रंग चांगले दिसतात. मुलांना एका फेरीत एकच जोडी द्यावी, पहिल्यांदा ग्रीन आणि वुड.