निरोप नेणाऱ्या स्त्रियांची कुळकथा

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या विद्यापीठाने ज्यांचे नाव धारण केले आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादच्या निजाम सरकारने कैद केले आणि स्टेट काँग्रेसच्या लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या कृतिसमितीकडे जाऊन तो लढा सरहद्दीबाहेरील छावण्यांतून चालू लागला, तेव्हा पैनगंगेपलीकडील उमरखेडसारखे तळ आणि रियासतीतील गावे यांच्यामधील निरोपांची वाट अखंड राखणे हा जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला.

अशा वाटेवर स्त्रिया का आल्या, याचे कारण सरकारी दडपशाहीतच दडलेले आहे. हे अन्यत्रही दिसते: जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने तरुणांना सक्तीने जर्मनीत मजुरीस धाडण्याचे ठरले, रस्त्यावरचा प्रत्येक तरुण पुरुष संशयित झाला, आणि सायकलीवरून निघालेल्या मुलींकडे प्रतिकार चळवळीची पत्रे पोहोचविण्याचे काम आले. पॅरिसच्या सेसिल रोल-तांगी यांनी तर तान्ह्या लेकराच्या बाबागाडीतून शस्त्रे नेली. त्याच १९४३ साली सातारच्या प्रतिसरकारात हौसाबाई पाटील यांनी नवऱ्याच्या मारहाणीचे सोंग करून पोलिसांना ठाण्याबाहेर काढले व साथीदारांनी आतील बंदुका उचलल्या. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या मुलखांत ही विद्या स्वतंत्रपणे उपजली, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे माहेरी निघालेली लेक, आठवडी बाजारास चाललेली बाई, जत्रेची वाट धरलेली म्हातारी यांच्या प्रवासाला आपल्या रूढीने कारण आधीच देऊन ठेवलेले होते. ज्या रूढीने स्त्रीला एरवी जखडले, तिचाच त्यांनी परवाना केला.

मराठवाड्यात या परंपरेचे सर्वांत तेजस्वी नाव बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे. गुप्त निरोप व हत्यारे पोहोचविण्यापासून आरंभ करून त्या प्रत्यक्ष सशस्त्र लढ्यात उतरल्या. ज्यांनी बंदूक उचलली नाही, परंतु चिठ्ठी बिनबोभाट पोहोचविली, अशांची नावे मात्र सहसा कोठे सापडत नाहीत. पकडले न जाणे हेच त्यांचे कौशल्य, आणि दप्तरात नोंद होते ती पकडले गेलेल्यांची. १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेने कारावासाचा दाखला मागितला, भूमिगतांकडून अटकेच्या हुकुमाचा किंवा शिरावरील इनामाचा पुरावा मागितला. जिच्यावर कोणत्याही अंमलदाराला कधी संशयच आला नाही, तिच्यापाशी यांपैकी एकही कागद असण्याचा संभव नव्हता.